खाडीकाठचे शहर आणि त्याचा राखणदार

मिरा-भाईंदर हे उल्हास नदीच्या मुखावर वसलेले शहर आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करते. ठाण्याजवळ तिचा एक लहान फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरच्या डोंगराला वळसा घालून पश्चिमेला अरबी समुद्राला मिळतो. या शेवटच्या टप्प्यात तिला नदी कोणी म्हणत नाही. तिथे ती वसईची खाडी होते. उत्तरेच्या काठावर वसई, दक्षिणेच्या काठावर भाईंदर, मधोमध पाणजू बेट आणि त्यावरून जाणारा रेल्वेचा पूल, अशी या मुखाची ठेवण आहे. विरारकडे जाणाऱ्या लोकलमधून रोज लाखो माणसे ही खाडी ओलांडतात. आपण एका नदीच्या संगमावरून चाललो आहोत हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

नदी सागराला मिळते ती जागा आपल्या परंपरेत पुण्यस्थान मानली जाते. उल्हासच्या खोऱ्यातही पावित्र्याची कमतरता नाही. तिला मिळणाऱ्या वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवालय उभे आहे. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे आणि शिलाहारांच्या राज्यात ते बांधले गेले. काळू नदीच्या आसऱ्याने टिटवाळ्याचा महागणपती आहे. मुखाच्या उत्तरेला शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, महाभारताच्या वनपर्वात तीर्थ म्हणून येते. परशुरामाने समुद्राला मागे सारून भूमी मिळवली ती कथा याच किनाऱ्याशी जोडलेली आहे. जवळच निर्मळचे क्षेत्र आहे, तिथे शंकराचार्यांची समाधी आहे आणि कार्तिकात जत्रा भरते. दक्षिण तीरावर तारोडीला धारावी देवीचे जुने देऊळ आहे. पण मुखाला, खुद्द पाण्याला, तीर्थ म्हणून ख्याती नाही. ज्या नदीच्या उपनद्यांना देव मिळाले, तिच्या समुद्रभेटीच्या जागेला मिळाला नाही.

या वस्तुस्थितीत धर्मविचारातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. पावित्र्य जागेत असते की माणसांच्या आचरणात? आणि जागेत असेल तर, वेगवेगळ्या धर्मांची आणि वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसे एकाच जागी राहू लागली की त्या जागेची राखण कोणाच्या नावाने करायची? मिरा-भाईंदर पाहायला येणाऱ्याला शहर समजून घ्यायचे असेल, तर या प्रश्नाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

शहर म्हणून मिरा-भाईंदरचे वय फार कमी आहे. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली, पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे यांसारखी गावे तिला जोडली गेली आणि २००२ मध्ये महानगरपालिका आली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. त्याआधी इथे होती ती गावे: मिठागरांवर आणि भातशेतीवर जगणारी आगऱ्यांची गावे, समुद्रावर जगणारे कोळीवाडे, चेणे-वरसाव्याकडे डोंगरउतारावरचे आदिवासी पाडे. आजही भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस मुर्धे, राई, मोरवे, डोंगरी अशी गावे घेत जाते. रस्त्याच्या कडेला मिठागरांचे चौकोन आणि खारफुटी दिसू लागली की जुना मुलूख सुरू झाला, असे समजावे.

या जुन्या मुलखाचा धर्म जागेला बांधलेला होता. आगरी गावाला गावदेवी असते. तिचे देऊळ लहान, पण तिची हद्द ठरलेली. गावाची शीव जिथे संपते तिथे तिचे राज्य संपते. पलीकडे दुसऱ्या गावाची दुसरी देवी. ती सर्वशक्तिमान असल्याचा दावा कोणी करत नाही. तिच्याकडे ठरावीक कामे आहेत: रोगराई शिवेबाहेर ठेवणे, पीकपाणी सांभाळणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष ठेवणे. चैत्रात तिची पालखी घरोघर फिरते तेव्हा खरे तर गावाची हद्दच दरवर्षी नव्याने आखली जाते. दक्षिण कोकणात अशा देवाला राखणदार म्हणतात आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालताना गावाच्या बाराही वाटा त्याच्या हवाली करतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' या १९६२ च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांवर आणि चौरस्त्यांवर कशी सापडतात हे पायी फिरून दाखवले. देवता आधी येते ती वाट, वेस आणि पाणवठा यांच्याबरोबर. पुराणातले नाव तिला मागाहून मिळते. ग्रामदेवतेचा हा भूगोल ज्याला कळला नाही त्याला ती अंधश्रद्धेचा अवशेष वाटते. प्रत्यक्षात जमीन, पाणी आणि शेजार यांच्याविषयीच्या जबाबदारीची ती एक फार काटेकोर व्यवस्था होती.

ही व्यवस्था धर्मांतरानेही पुसली गेली नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढच्या काळात इथले कोळी, आगरी, कुणबी मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. चर्चची शिकवण अशी की देव सर्वत्र आहे, तो एका जागेत मावत नाही. तरीही उत्तन, पाली, चौक, डोंगरी इथले ख्रिस्तीपण पाहिले तर त्यात जागेचा देव पदोपदी भेटतो. प्रत्येक गावाला आश्रयदाता संत आहे आणि त्याचा सण म्हणजे गावाची जत्राच. ऑक्टोबरात आगेरा साजरा होतो आणि नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो. मुंबई-साष्टीच्या अनेक ख्रिस्ती गावठाणांत रस्त्याच्या तिठ्यावर दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगनंतर, साथ दूर राहावी म्हणून उभारलेले आहेत. वेशीवर उभे राहून रोगराई अडवण्याचे गावदेवीचे काम त्या क्रुसांनी आपल्याकडे घेतले. उत्तनजवळच्या वेलंकनी मातेच्या यात्रास्थानी ख्रिस्त्यांबरोबर इतर धर्मांची माणसेही नवसाला येतात. त्यांच्यापैकी कोणाला आपण दुसऱ्याच्या देवाकडे आलो असे वाटत नाही, कारण जागेच्या दैवताकडे जाताना जात आणि धर्म विचारायचे नसतात, ही समजूत जुनी आहे.

कोळ्यांच्या बाबतीत तर समुद्र हाच जागेचा देव आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात गेले की वलांड्या दिसतात: बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडणीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेल्या, रांगांमागून रांगा, वाऱ्यावर हलणाऱ्या. खाली राखण करणारी म्हातारी बाई, वर कावळे-घारींच्या घिरट्या. या बोंबलासाठी समुद्रात डोल नावाची जाळी लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीने डोलीचे तोंड उघडते आणि मासा आत येतो. म्हणजे मच्छीमाराचे पोट थेट पाण्याच्या चालीवर अवलंबून. म्हणूनच नारळी पौर्णिमेला हिंदू कोळी समुद्राला नारळ देतो, आणि ख्रिस्ती कोळीवाड्यांत हंगामाच्या तोंडी धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. पावसाळ्यात समुद्रावर न जाण्याचा जुना रिवाज आज १ जून ते ३१ जुलै या सरकारी बंदीच्या रूपाने टिकून आहे. माशाला अंडी घालायला वेळ द्यायचा, हा शास्त्राचा नियम. या दिवसांत दर्याला त्रास द्यायचा नाही, ही श्रद्धा. दोन्हींचा अर्थ एकच: जिथून आपण घेतो तिथून ठरावीक काळ घ्यायचे नाही. पावित्र्याची सगळ्यात जुनी व्याख्या कदाचित हीच असावी.

या मुखावर धर्माच्या नावाने रक्तही सांडले आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, निर्मळसारखी क्षेत्रे उजाड झाली. १७३७ मध्ये ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांनी घेतले, चौकजवळचा धारावीचा कोट जिंकून खाडीचे तोंड ताब्यात घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई शरण आली. वज्रेश्वरी देवीला त्यांनी बोललेला नवस तेव्हा फेडला गेला अशी परंपरा आहे. तहाच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली, ही गोष्ट विजयाच्या वर्णनांत सहसा मागे पडते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र देशावर गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे ती त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर तशीच दुसरी घंटा आहे. ज्या धातूने एका नदीच्या मुखावर ख्रिस्ती प्रार्थनेची वेळ सांगितली, तो दुसऱ्या नदीच्या काठी आरतीची वेळ सांगू लागला. घंटेचे पावित्र्य तिच्या धातूत असते तर हे शक्य झाले नसते. ते ऐकणाऱ्यांच्या वागण्यात आहे. लुटीची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहता येते, आणि पाहिलेही पाहिजे. पण तीन शतके रोज कोणीतरी श्रद्धेने तिच्याखाली उभे राहिले आहे, हेही खरे.

१९८० नंतर रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती उठू लागल्या आणि मुंबईत घर न परवडणारी माणसे इथे आली: कोकणातले आणि घाटावरचे मराठी, गुजरातचे आणि राजस्थानचे जैन, उत्तर प्रदेश-बिहारचे हिंदू आणि मुसलमान, दक्षिणेतले ख्रिस्ती. प्रत्येकाने आपला देव बरोबर आणला. भाईंदर पश्चिमेला बावन जिनालय उभे राहिले, मिरा रोडला मशिदी झाल्या, सोसायट्यांच्या आवारात साईबाबा आणि हनुमान आले. या सगळ्या श्रद्धा खऱ्या आहेत आणि उपऱ्या माणसाला नव्या जागी तग धरायला त्यांनीच बळ दिले आहे. पण त्यांचे मूळ दुसरीकडे आहे. शत्रुंजय, शिर्डी, अजमेर, काशी, पंढरपूर इथे त्यांची नाळ आहे. या खाडीशी त्यांचे नाते नाही. जुन्या गावदेवी आपापल्या शिवेत राहिल्या. शिवा मात्र पुसल्या गेल्या, कारण नवघर कुठे संपते आणि खारीगाव कुठे सुरू होते हे इमारतींच्या गर्दीत दिसेनासे झाले. गावांना देवता होत्या. गावांचे मिळून जे शहर झाले त्याला देवता नाही.

शहराला देव असावा का, या प्रश्नावर चीनच्या धर्मजीवनाने एक वेगळे उत्तर दिले आहे आणि ते इथे ताडून पाहण्याजोगे आहे. चीनमधल्या प्रत्येक तटबंद शहराला चंगह्वांग नावाचा नगरदेव असे. हा तटाचा आणि खंदकाचा देव. शांघाय हे ह्वांगपू नदीवरचे, यांगत्झेच्या मुखाजवळचे प्रचंड शहर. तिथला नगरदेव किन युबो हा चौदाव्या शतकातला खराखुरा माणूस, विद्वान आणि अधिकारी. मिंग घराण्याच्या संस्थापकाने त्याला मरणोत्तर या पदावर नेमले. पद हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. १३६९ मध्ये याच बादशहाने साम्राज्यातल्या नगरदेवांच्या श्रेणी ठरवून दिल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. नवा अधिकारी शहरात रुजू झाला की त्याने नगरदेवापुढे शपथ घ्यायची. वर्षातून तीनदा नगरदेवाची मिरवणूक शहराची तपासणी करायला निघे. पाऊस ओढून धरला तर देवाची मूर्ती उन्हात ठेवण्याचाही प्रघात होता: कामात कसूर झाली तर देवालाही जाब विचारता येतो.

शांघाय हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर, विशेषतः १८४२ नंतर. फूच्येनच्या व्यापाऱ्यांनी आपली समुद्रदेवी माझू तिथे नेली. निंगपोच्या, कँटनच्या लोकांनी आपापले देव आणि आपापली सभागृहे उभी केली. आजच्या भाईंदरशी हे चित्र फार मिळतेजुळते आहे. फरक एवढाच की त्या सगळ्या मुलखांच्या देवांच्या जोडीला एक देव असा होता जो कोणाच्याच मुलखाचा नव्हता. त्याचे नाते रक्ताशी, भाषेशी किंवा जातीशी नव्हते. तटाच्या आत जो राहतो तो त्याच्या कक्षेत, मग तो कालच आलेला का असेना. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शांघायच्या या मंदिरातली पूजा थांबली आणि १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाली; आज तिथे पर्यटकांची गर्दी अधिक असते. पण त्यामागची कल्पना अजून विचारात घ्यावी अशी आहे. राहण्याच्या जागेबद्दलचे कर्तव्य हे स्वतंत्र कर्तव्य आहे आणि ते कुळधर्मात विरघळत नाही, असे ती सांगते.

मिरा-भाईंदरला नगरदेव नेमावा असा याचा अर्थ नाही. मुसलमानाला आणि ख्रिस्त्याला तो चालणार नाही, आणि चालवण्याचा आग्रह धरणे हा अधर्म ठरेल. पण सर्वांची मिळून एक वस्तू या शहरात आहे, ती म्हणजे खाडीचे पाणी. तिच्याकडे श्रद्धाळू माणूस कसा वागतो हे पाहिले की प्रश्न किती खरा आहे ते कळते.

खाडीकाठच्या जेसल पार्कच्या चौपाटीवर गणपतींचे विसर्जन होते. छठला तिथेच उत्तर भारतातल्या बाया पाण्यात उभ्या राहून मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात; गंगेच्या काठचे व्रत त्या खाऱ्या खाडीवर तेवढ्याच निष्ठेने पाळतात. ही दृश्ये सुंदर आहेत. याच पाण्यात वरून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचे रासायनिक सांडपाणी येत राहिले; २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याबद्दल कारखान्यांच्या सांडपाणी केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना मोठा दंड ठोठावला. उत्तनच्या धावगी डोंगरावर साऱ्या शहराचा कचरा जातो, तिथे आगी लागतात आणि खाली राहणारे मच्छीमार नि शेतकरी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. आणि लोकल खाडीच्या पुलावर आली की दारातून, खिडकीतून निर्माल्याच्या पिशव्या, नारळ, देवांच्या जुन्या तसबिरी खाली फेकल्या जातात. फेकणारा हात जोडतो, कपाळाला लावतो आणि लांबवर भिरकावतो.

पाणजूच्या रहिवाशांना बेटाबाहेर पडायला अनेकदा रेल्वे पुलाच्या कडेने चालत नायगाव गाठावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाच्या डोक्यात धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागला आणि त्यात त्याचा जीव गेला. नवरात्राचे दिवस होते. नारळ फेकणाऱ्याच्या मनात पाप नव्हते, असे मानायला हरकत नाही. पण पाप मनात नव्हते एवढ्याने पूजा निर्दोष ठरते का? या शहरातला धर्मविचाराचा सगळ्यात गंभीर प्रश्न तो हा आहे, आणि त्याचे उत्तर हिंदू शास्त्रांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना सात्त्विक दानाला जागा, वेळ आणि घेणारा यांचा विवेक अनिवार्य मानला आहे; तो सुटला की दान तामस होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी किंवा घाण टाकू नये असा स्पष्ट निषेध आहे. पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या १९५३ मध्ये आलेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा विचार विस्ताराने केला आहे. ज्याचे मन, हात आणि पाय ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, ही महाभारतातली अट त्या विचाराच्या मुळाशी आहे. तुकारामांनी तर तीर्थाला दगड आणि पाणी म्हणून सज्जनांच्या सहवासाला देव म्हटले. हातातला नारळ कुठे पडेल हे न पाहणारा भाविक यांच्यापैकी कोणाच्याही कसोटीला उतरत नाही.

याहून जुना पुरावा खाडीच्या पलीकडच्या काठावर सापडला आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याला उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. अशोकाच्या चौदा लेखांपैकी नेमके हे दोन इथे मिळावेत, हे मोठे अर्थपूर्ण आहे. आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी फिरत, आपण धर्मयात्रा सुरू केली, असे राजा सांगतो. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट घ्यायची, त्यांना दान द्यायचे आणि गावोगावच्या लोकांशी बोलायचे. नवव्या लेखात विधींची चर्चा आहे. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारा विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या मुखावरून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी हे दगडात कोरले गेले. प्रवासात खाडी ओलांडताना नारळ फेकणाऱ्यासाठी याहून नेमका उपदेश शोधून सापडणार नाही.

शहरातल्या इतर परंपरांनाही पाण्याचा संयम परका नाही. जैन मताने पाणी स्वतःच जीव आहे: अप्काय, एकेंद्रिय जीवांचा समूह. पाणी गाळून प्यायचे आणि गाळलेल्या कपड्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडायचे, इतका बारीक विचार तिथे आहे. २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात मांसविक्री बंद ठेवण्याचा पालिकेचा निर्णय वादात सापडला, कारण अहिंसेचे व्रत ते न घेतलेल्यांवर लादले जात होते. तीच अहिंसा खाडीच्या पाण्याकडे वळली, तर तिला विरोध करणारा कोळी सापडणार नाही. इस्लामची शिकवण सारी पृथ्वी प्रार्थनेची जागा मानते आणि माणसाला तिचा मालक न मानता विश्वस्त मानते. वाहत्या नदीकाठीही वजू करताना पाणी वाया घालवू नये अशी शिकवण सांगितली जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकातून निसर्गाची राखण हा ख्रिस्ती कर्तव्याचा भाग ठरवला. उत्तनहून पुढे गोराईला २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे. एकही खांब नसलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या त्या साधनेत कर्मकांडाला थारा नाही, पण दुसऱ्या जिवाला इजा न करण्याचे शील ही तिची पहिली पायरी आहे.

या परंपरांचे तत्त्वज्ञान एक नाही आणि ते एक असल्याचे भासवणे अप्रामाणिक होईल. पाण्यात जीव आहे, पाणी ही देणगी आहे, पाणी ही देवता आहे, पाणी अनित्य आहे, ही चार वेगळी विधाने आहेत. पण आचरणात ती एकाच ठिकाणी येऊन मिळतात: पाण्याला हात लावण्याआधी थांबायचे. गावदेवीची शीव, वेशीवरचा क्रूस, कोळ्यांचा बंद हंगाम यांनी पूर्वी हेच काम केले. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला या शहरापुरते असे उत्तर देता येते की पावित्र्य आधीपासून जागेत साठवलेले नसते. जिच्या बाबतीत माणसे एकत्र येऊन स्वतःला आवर घालतात ती जागा पवित्र होते. वसईच्या खाडीच्या वाट्याला पूजा भरपूर आली आहे, आवर अजून आलेला नाही. तो येईपर्यंत तिला संगमतीर्थ म्हणण्याचा अधिकार या शहराला पोहोचत नाही.

शहर पाहायला येणाऱ्याने भाईंदरला उतरून उत्तनची बस धरावी, वाटेत मिठागरे पाहावीत, तारोडीला देवीचे दर्शन घ्यावे आणि चौकला जुन्या कोटाच्या जागेवरून नदी आणि समुद्र एक होतात ते पाहावे. हिवाळा असेल तर वलांड्यांमधून जाताना कोळणीला विचारून मगच फोटो काढावा. आणि परतीच्या गाडीत जवळ निर्माल्य असेल, तर ते पिशवीतच ठेवून घरी न्यावे आणि कुंडीतल्या मातीत घालावे. पुलावरून खाली काहीही टाकू नये, कारण खाली माणसे चालत असतात.